घर कुणाचं, ते एकदा ठरवा

प्रति,
विद्यार्थी निवास विभाग आणि विश्वस्त मंडळ

स. न. वि. वि.

या पत्राची इंग्रजी प्रत तुमच्या कचेरीत रीतसर पोचली आहे. पोचही आली. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे', एवढंच तिच्यात होतं. मराठीत पुन्हा लिहितेय ते आपल्या माणसांसाठी. शिकागोपासून डॅलसपर्यंत कितीतरी मराठी घरांतल्या मुली आज सोरोरिटीत, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या संघटनांत आहेत. या संघटनांच्या राहत्या घरांचा कारभार कसा चालतो याचा बहुतेक आईबापांना पत्ता नसतो, पण करारावर जामीन म्हणून सही त्यांचीच असते. तेव्हा पत्र तुम्हाला असलं तरी वाचावं त्यांनीही. विद्यापीठाचं नाव मुद्दाम घालत नाही. मुलीला अजून तिथे शिकायचं आहे.

येत्या ऑगस्टपासून पहिल्याच नव्हे, दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनीही विद्यापीठाच्याच डॉर्ममध्ये, म्हणजे वसतिगृहात राहायचं, असा नियम तुम्ही केलात. सोरोरिटीची घरं त्यात धरली नाहीत. सवलत हवी असेल तर अर्ज करावा, अर्जाचा विचार 'प्रकरणपरत्वे' होईल. नियम कडक आहे अशी माझी तक्रार नाही. ही घरं तुमची की परकी, याचं उत्तर तुमच्या प्रत्येक टेबलावर वेगळं मिळतं, ही तक्रार आहे.

आता थोडं आपल्या वाचकांसाठी. माझ्या सासूबाई सांगलीहून फोनवर अजून विचारतात, 'तिच्या लेडीज हॉस्टेलची रेक्टर कशी आहे?' सोरोरिटी म्हणजे हॉस्टेल नव्हे. ती मुलींची सभासद संघटना. आमच्या मुलीच्या शाखेत सभासद दोनशेच्या घरात आणि पलंग साठ. घराची मालकी विद्यापीठाकडे नाही, मुलींकडेही नाही. ती असते हाउस कॉर्पोरेशनकडे, म्हणजे माजी सभासद बायकांच्या एका ना-नफा संस्थेकडे. आपल्याकडच्या हाउसिंग सोसायटीची कमिटी डोळ्यापुढे आणा. पद कुणालाच नको असतं, छप्पर गळायला लागलं की जाब विचारायला सगळे हजर, आणि सिंकिंग फंड कधीच पुरत नाही. मी पेशाने अकाउंटंट, म्हणून सभासद नसतानाही या कमिटीच्या हिशेबाला हातभार लावते. पुढचं जे लिहितेय ते त्या वह्या पाहून.

अशा घराचं सगळं गणित एकाच आकड्यावर उभं असतं: भरलेले पलंग किती. बॉयलर, विमा, मालमत्ता कर, स्वयंपाकी, घरात राहणारी हाउस डायरेक्टर, कर्जाचा हप्ता, यातलं काहीही पलंग रिकामा राहिला म्हणून कमी होत नाही. आणि पलंग कोण भरतं? तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींना स्वतःचं अपार्टमेंट हवं असतं. पदाधिकारी असेल तर राहावंच लागतं, बाकीच्या काढता पाय घेतात. पहिल्या वर्षाच्या मुली डॉर्ममध्ये. म्हणजे घर भरतं ते दुसऱ्या वर्षाच्या मुलींनी, आणि तुमच्या नियमाने नेमकं तेच वर्ष उचललं.

त्याची झळ कुणाला लागते तेही सांगते. घरात न राहणाऱ्या सभासदालाही घराच्या खर्चापोटी दर सत्राला पैसे भरावे लागतात. त्याला पार्लर फी म्हणतात. पलंग रिकामे राहिले की ही फी वाढते. तुमच्या सक्तीमुळे जी मुलगी डॉर्ममध्ये राहणार, ती डॉर्मचं भाडं, मेसचे पैसे आणि वर ही वाढलेली फी असं तिन्ही भरणार. सोरोरिटी सोडून दे म्हणणं सोपं आहे. पण एकदा दीक्षा होऊन पक्की सभासद झाल्यावर सोडली, तर पुन्हा दुसऱ्या कुठल्या सोरोरिटीत सहसा जाता येत नाही.

मुळात हा सगळा खटाटोप सुरू झाला त्याचं एक मोठं कारण तुमच्यासारख्या विद्यापीठांनीच पुरवलेलं आहे. मुलींना प्रवेश दिला, पण त्यांनी राहायचं कुठे याचा विचार केला नाही. ज्या वर्षी आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, त्याच १८८६ साली सिरॅक्यूजला अल्फा फाय या संघटनेच्या मुलींनी स्वतःचं घर बांधलं. सोरोरिटीने बांधलेलं पहिलं घर म्हणून ते सांगितलं जातं. पुढची कित्येक दशकं या घरांनी विद्यापीठांचा निवासाचा खर्च वाचवला. मुली रात्री किती वाजता परतल्या याच्या वहीत नोंदी ठेवून देखरेखही फुकटात करून दिली. तेव्हा ही घरं परकी नव्हती.

आमच्या मुलीचं घरही जुन्या बांधणीचं. मागच्या जिन्याने शेवटच्या मजल्यावर गेलं की कोल्ड डॉर्म लागतो. मिडवेस्टातल्या अनेक जुन्या घरांत तो असतो. एकच लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना दुमजली पलंगांच्या रांगा, आणि जानेवारीतसुद्धा एखाददुसरी खिडकी उघडी. मोकळ्या थंड हवेत झोपणं आरोग्याला चांगलं, असा शंभर वर्षांपूर्वी समज होता, त्याचा हा अवशेष. खोलीत दिवा लावायचा नाही, बोलायचं नाही, चोवीस तास शांतता. मोबाइल उशीखाली, गजर नुसता थरथरणारा. अंगावर दोन दोन रजया आणि गेल्या वर्षीपर्यंत खाली विजेची गादी. कपडे, टेबल, अभ्यास यांसाठी खालच्या मजल्यावर चौघींत एक खोली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते इस्पितळाच्या वॉर्डापेक्षा बरं वाटलं नाही. मुलगी म्हणते, इतकी गाढ झोप तिला आमच्या घरीही लागत नाही.

गेल्या वर्षी तुमच्या तपासनिसाने याच खोलीत उभं राहून यादी लिहिली. विजेच्या गाद्या बंद, खिडक्यांच्या बिजागऱ्या बदला, बाहेर पडायला दुसरा जिना मोकळा ठेवा, स्प्रिंकलरचा, म्हणजे छतातून आगीवर पाणी फवारणाऱ्या नळांचा आराखडा द्या. एकूणएक मागण्या बरोबर. १९९६ च्या मे महिन्यात चॅपेल हिलला, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाच्या दिवशी पहाटे, एका फ्रॅटर्निटीच्या, म्हणजे मुलग्यांच्या अशाच संघटनेच्या घराला आग लागून पाच विद्यार्थी गेले. त्यानंतर त्या गावाने फ्रॅटर्निटी आणि सोरोरिटीच्या सगळ्या घरांना स्प्रिंकलर सक्तीचे केले. कुठल्याही आईला हे सक्तीचंच हवं असेल. पण कमिटीने विचारलं की, या खर्चासाठी विद्यापीठाच्या निधीतून कर्जाऊ तरी काही मिळेल का, तर उत्तर आलं: ही खासगी मालमत्ता आहे.

ही अडचण नुसती तुमच्या कंजूसपणाची नाही, हे कबूल. अमेरिकेच्या करकायद्यातच गोम आहे. एखाद्या माजी विद्यार्थिनीने तुमच्या डॉर्ममध्ये स्प्रिंकलर बसवायला देणगी दिली तर तिला करात वजावट मिळते. तीच देणगी तिने सोरोरिटीच्या घराच्या कमिटीला दिली तर मिळत नाही. अभ्यासिकेसारख्या भागापुरता फाउंडेशनमार्फत काही मार्ग निघतो, पण झोपायच्या खोल्यांना नाही. हा भेद काढण्याचं विधेयक वॉशिंग्टनमध्ये कितीदा तरी मांडलं गेलं. तुमचे लोक तिथे इतर शंभर गोष्टींसाठी खेटे घालतात, या एका विधेयकासाठीही एखादं पत्र लिहिता आलं असतं.

आता दुसऱ्या टेबलाकडे येते. संघराज्याचा क्लेरी कायदा १९९० चा. जीन क्लेरी ही लीहाय विद्यापीठाची पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी. १९८६ साली डॉर्ममधल्या तिच्याच खोलीत तिचा खून झाला. तिच्या आईबापांनी पिच्छा पुरवला म्हणून हा कायदा झाला. या कायद्याखाली मान्यताप्राप्त विद्यार्थी संघटनेच्या मालकीच्या किंवा ताब्यातल्या इमारतीतले गुन्हे विद्यापीठाला आपल्या अहवालात धरावे लागतात, इमारत कॅम्पसबाहेर असली तरीही. टायटल नाइन या शिक्षणातल्या लिंगभेदाविरुद्धच्या कायद्याखालच्या २०२० च्या नियमांनी तेच लैंगिक छळाच्या तक्रारींबाबत केलं. मान्यता दिलीत की ते घर तुमच्या कार्यक्रमाचा भाग झालं. म्हणून तर तुमचा चौकशी अधिकारी त्या घरात येऊ शकतो, शिस्तीचा विभाग पाहुण्यांच्या नोंदी मागू शकतो, आणि रुसलात तर मान्यता काढून एका सत्रात घर ओसाड पाडू शकता.

म्हणजे चौकशीच्या टेबलावर घर तुमचं, दुरुस्तीच्या टेबलावर परकं. तपासणीला तुमचं, पण रात्रीच्या शटल बसचा थांबा मागितला तर परकं. आणि आता नव्या नियमाच्या टेबलावर तर ते घरच नाही.

मुलींना सगळ्यात जास्त भोवतो तो मात्र तारखांचा घोळ. सोरोरिटीची भरती ऑगस्टात, वर्ग नीट सुरूही झालेले नसतात. ऑक्टोबरमध्ये कमिटी पुढच्या वर्षाचा निवासाचा करार पुढे ठेवते, कारण बँकेला पलंगांचा आकडा हवा असतो. नोव्हेंबरात तुमचं पोर्टल उघडतं आणि अनामत भरल्याशिवाय चांगला डॉर्म मिळत नाही. सवलतीच्या अर्जाचा निकाल तुम्ही देता मार्चमध्ये! मधले चार महिने अठरा वर्षांच्या पोरीने काय करायचं? ती दोन्हीकडे सही करते. दोन्ही करारांत कलम एकच: संपूर्ण शैक्षणिक वर्षासाठी बंधनकारक.

मुलीच्या एका मैत्रिणीचं हेच झालं. तेलुगू घरातली, वडील मोटेल चालवतात. नव्या नियमाची चाचणी म्हणून तुम्ही याच वर्षी काही विभागांना तो लागू केलात, त्यात ती सापडली. सवलत नाकारली गेली. कमिटी म्हणाली, बदली मुलगी आण, मग सोडतो. बदली मुलगी येणार कुठून, तिच्या विभागातल्या सगळ्यांना तोच नियम! सप्टेंबरपासून तिचे वडील दोन पलंगांचं भाडं भरताहेत. एका पलंगावर ती झोपते, दुसऱ्यावर कुणी नाही. तुमच्या कचेरीत गेले तर, 'तो खासगी करार आहे, आम्ही त्यात पडत नाही.' कमिटीकडे आले तर, 'नियम विद्यापीठाचा आहे, आमचे हात बांधलेले आहेत.' कमिटीच्या बैठकीत मी भांडले. व्याज सोडून काही माफ झालं नाही. म्हणजे दोष एकट्या तुमच्या पदरात घालत नाही. कमिटीही सावकारी करते, आणि करार ऑक्टोबरात पुढे करण्याची घाई तिचीच आहे.

नियमामागचं तुमचं म्हणणं मी पूर्ण वाचलं. दुसरं वर्ष डॉर्ममध्ये काढलं की मुलं टिकतात, एकटी पडत नाहीत, सुरक्षित राहतात. असेलही. पण त्याच विश्वस्त मंडळाच्या कागदांत नव्या डॉर्मच्या रोख्यांचा हप्ताही आहे, आणि तो कुठून भागणार याचा तक्ताही. माझा धंदाच तक्ते वाचायचा. तुम्हालाही पलंगच भरायचे आहेत, कमिटीलाही पलंगच भरायचे आहेत. फरक एवढाच की तुम्हाला नियम करता येतो.

हा प्रश्न नवा नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या हॅमिल्टन कॉलेजने १९९५ साली सगळ्यांनी कॉलेजच्याच घरांत राहायचं असं ठरवलं. फ्रॅटर्निटी कोर्टात गेल्या. त्यांचं म्हणणं, नियम करणारा आणि भाडं घेणारा एकच, ही मक्तेदारी झाली. खालच्या कोर्टाने दावा उंबऱ्यावरच फेटाळला होता. १९९७ साली अपील कोर्टाने तो परत जिवंत केला. कोलगेट विद्यापीठ २००३ साली आणखी पुढे गेलं: घरं आम्हाला विका, नाहीतर त्यांत विद्यार्थी राहू देणार नाही. मला ती पद्धत आवडत नाही, पण तिच्यात निदान आडपडदा नव्हता. घर घेतलं, मग छप्परही तुमचं, गळतीही तुमची.

याहून चांगला धडा इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन कॅम्पसवर आहे. तिथेही नव्या विद्यार्थ्यांनी मान्य निवासातच राहायचं असा नियम आहे. पण मान्य निवासाच्या यादीत खासगी वसतिगृहं आहेत आणि फ्रॅटर्निटी-सोरोरिटीची घरंही आहेत, विद्यापीठाच्या अटी पाळणारी. अटी घालायच्या, तपासणी करायची, जे घर उतरेल ते यादीत घ्यायचं. तुमच्या तपासनिसाची ती यादी कमिटीने जवळजवळ पूर्ण केली आहे, स्प्रिंकलर सोडून. मग ते घर मोजायला हरकत काय?

सुरक्षिततेबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण पालकसभेत ती कुणी बोलत नाही. राष्ट्रीय पातळीवरच्या २६ सोरोरिटींची मिळून एक परिषद आहे, १९०२ पासूनची. त्यांच्या बहुतेक घरांत दारूला बंदी. ऐकायला छान. परिणाम असा की शनिवारी रात्री पार्टी होते ती मुलग्यांच्या घरात. दारावर मुलगे, पेला भरणारे मुलगे, वरच्या खोल्या मुलग्यांच्या. डार्टमथ कॉलेजातली सिग्मा डेल्टा ही सोरोरिटी १९८८ साली राष्ट्रीय संघटनेतून फुटून स्थानिक झाली आणि आपल्या घरात स्वतः पार्टी ठेवू लागली. तिथे दारावर मुली असतात. माझी मुलगी एकोणीसची आहे, तिने प्यावं असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण तिला डॉर्ममध्ये झोपायला लावून शनिवारच्या रात्रीतलं काय बदलतं ते मला सांगा. एकगठ्ठा नियमाचा फटका भलत्यालाच बसतो, हे हार्वर्डने २०१६ मध्ये दाखवून दिलं आहे. रोख मुख्यतः पुरुषांच्या श्रीमंत क्लबांवर होता, बंधनं मात्र सगळ्याच एकलिंगी संघटनांवर आली. दोन वर्षांत डेल्टा गॅमा या सोरोरिटीने तिथली शाखा बंद केली. २०२० मध्ये हार्वर्डला ते धोरण मागे घ्यावं लागलं.

सोरोरिटीची वकिली करतेय असं कुणी समजू नये. हे महागडं प्रकरण आहे आणि निवडीत वाटेल ते चालतं. अलाबामा विद्यापीठात गोऱ्या मुलींच्या सोरोरिटींनी कृष्णवर्णीय मुलींना वगळल्याचं तिथल्याच विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने चव्हाट्यावर आणलं ते १९६३ साली नव्हे, २०१३ साली. आमच्या मुलीच्या घरातल्या भिंतीवर दर वर्षीचे सभासदांचे फोटो आहेत. आपल्यासारखे चेहरे शोधायला अलीकडच्या चौकटींपर्यंत यावं लागतं.

आणि ज्या संघटना खास आपल्या मुलींनी काढल्या, त्यांना तर घरच नाही. डेल्टा फाय ओमेगा, कॅपा फाय गॅमा, सिग्मा सिग्मा ऱ्हो, तिन्ही १९९८ च्या. शंभर वर्षांपूर्वी जमीन घेऊन ठेवणाऱ्या माजी सभासद त्यांच्याकडे असणार कुठून? इथल्या शाखेच्या मुली दुसऱ्या वर्षी पाच-सहाजणी मिळून कॅम्पसजवळ एक घर भाड्याने घेत, तेच त्यांचं बैठकीचं ठिकाण, तिथेच गणपती, तिथेच गरब्याची तालीम. आता दुसऱ्या वर्षाला तेही बंद. तिसऱ्या वर्षी घ्यावं तर गावाचा नियम आडवा: एका घरात नात्याबाहेरची किती माणसं राहू शकतात याची मर्यादा. असे नियम गावांना करता येतात हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली बेल टेअर या गावाच्या खटल्यात मान्य केलं आहे. तो खटलाही विद्यार्थ्यांच्या भाड्याच्या घरावरूनच झाला होता. (अनेक मुली एकत्र राहिल्या तर जुन्या कायद्याने ते घर कुंटणखाना ठरतं, ही प्रत्येक कॅम्पसवर सांगितली जाणारी कथा निव्वळ थाप आहे. तुमच्या स्वागत सहलीतल्या मार्गदर्शक मुलाने ती आम्हालाही ऐकवली. कृपया त्याला थांबवा.)

सवलतीच्या अर्जात 'मान्यताप्राप्त संघटनेच्या घरात राहणार' असा एक रकाना आहे. या मुलींना तो भरताच येत नाही, त्यांचा अर्ज पहिल्या पानावरच अडतो. नव्या डॉर्ममध्ये एखादा मजला, निदान एक मोठी बैठकीची खोली आणि तिची किल्ली, एवढं दिलंत तरी त्या डॉर्ममध्ये आनंदाने राहतील. घरवाल्या सोरोरिटींपेक्षा त्यांची मागणी स्वस्त आहे.

मला हवं आहे ते असं. तपासणीत उतरलेलं घर दुसऱ्या वर्षासाठी मान्य निवास धरा. ते जमत नसेल तर सवलतीचा निकाल ऑक्टोबरच्या आत द्या, आणि मान्यतेच्या अटींमध्येच घाला की निकाल येईपर्यंत कुठल्याही कमिटीने मुलीकडून निवासाचा करार करून घ्यायचा नाही. मान्यतेच्या जोरावर तुम्ही त्यांच्या पाहुण्यांच्या वह्या मागता, त्याच जोरावर हेही सांगता येईल. कमिटीत मी हाच ठराव मांडला आहे. तीन बायका माझ्या बाजूने आहेत, चार विरोधात. तुमचं एक पत्र आलं तर बहुमत फिरेल. आणि 'प्रकरणपरत्वे' म्हणजे काय, ते निकष छापून लावा. ज्या वडिलांनी दोन पलंगांचे पैसे भरले त्यांचा अर्ज कोणत्या निकषावर नाकारला, हे त्यांना अजून कुणी लेखी सांगितलेलं नाही.

मराठी पालकांसाठी दोन ओळी. जामीनदाराच्या रकान्यात सही करण्याआधी करार सोडण्याचं कलम वाचा, आणि बदली मुलगी आणायची जबाबदारी कुणावर टाकली आहे ते पाहा. मुलगी म्हणेल, 'आई, सगळ्याजणी करतायत.' तरी वाचा.

विश्वस्त मंडळाच्या पुढच्या बैठकीत बाहेरच्यांना तीन तीन मिनिटं बोलायला मिळतात. मी नाव नोंदवलं आहे. त्या मोटेलवाल्या वडिलांनीही नोंदवलं आहे. त्यांना इंग्रजीत बोलायचा संकोच वाटतो, म्हणून दुभाष्याची सोय आहे का असं तुमच्या कचेरीला विचारलं आहे. निदान त्याचं उत्तर बैठकीआधी यावं.

कळावे.

आपली,
दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीची आई